कॅप्टन शब्द खातो

सोमवार, ६ नोव्हेंबर १९९५

आज आमच्या कोल्हापूरच्या माळावर मुंबईचं विमान उतरलं. एकोणीस सीटचं आहे, पण आवाज साखर कारखान्याएवढा करतं. खाली हार, पेढे, हलगी, फोटो. मी मात्र वर टॉवरमध्ये. टॉवर म्हणजे दोन मजली खोली, चारी बाजूंनी काचा, मधे टेबल, टेबलावर वायरलेसचा सेट आणि त्याचा हातात धरायचा माईक. माईकला बटण. बटण दाबून बोललं की आकाशातल्या माणसाला ऐकू जातं. कोडोलीच्या आकाराम चौगुलेनं सांगायचं आणि मुंबईच्या पायलटनं ऐकायचं, हे माझ्या वडिलांना दाखवायला हवं होतं.

सव्वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात ट्रंक कॉल जोडले. तिथून लवकर निवृत्ती घेतली आणि इंगवले साहेबांनी इथं घेतलं. ते विमानतळाचे व्यवस्थापक. म्हणाले, "चौगुले, तुमचा आवाज खणखणीत हाय. आमाला असाच माणूस पायजे." पंधरा दिवसांचं प्रशिक्षण झालं. मास्तर मुंबईचे, फार बोलायचे. मी सगळं हां हां करत ऐकून घेतलं.

पायलटाचं नाव कॅप्टन कुरियन. केरळचा, उंच, मिशा टोकदार. परत निघायच्या आधी वर येऊन हात मिळवून गेला. मी त्याला सांगितलं, "पावणं, आमच्यात बोलणं संपलं की राम राम म्हणायची पद्धत हाय." त्याने दोनदा म्हणून बघितलं. माणूस बरा वाटला.

विमान आठवड्यातून तीन दिवस येणार. तीन महिने चाचणी. तोवर तक्रार आली नाही तर सेवा कायम आणि मीही कायम. तक्रार आली तर माझा माईक दुसऱ्याच्या हातात आणि मी खाली सामानाच्या खोलीत. इंगवले साहेबांनी हे पेढा खाता खाताच सांगितलं.

बुधवार, ८ नोव्हेंबर

कॅप्टन शब्द खातो. आज म्हणाला, "कोल्हापूर टॉवर, मी आता" — मग काहीच नाही — "फुटांवर आहे". किती फुटांवर ते गुलदस्त्यात. परत विचारलं. परत मधलंच गायब.

शिवाय बोलणं संपल्यावर राम राम नाही. सोमवारी दोनदा म्हणवून घेतलं होतं. खाली एक बोलायचं आणि वर गेल्यावर दुसरंच.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

पुन्हा तेच. मी एकही शब्द वाया जाऊ देत नाही. माईक हातात, अंगठा बटणावर, कान सेटकडे. तो बोलायला लागला की त्याला धीर यावा म्हणून मी मधे मधे "हां, बोला की" म्हणतो. ही एक्स्चेंजातली सवय. ट्रंक कॉलवर दोन क्षण गप्प बसलात की पलीकडचा ओरडायचा, "हॅलो, हॅलो, लाईन कट झाली का?" म्हणून हुंकार देत राहायचं. आणि तसंही, माणूस बोलतोय आणि आपण भिंतीसारखं बसायचं, हे आमच्यात कुणी करत नाही. एवढी सगळी मदत करूनही त्याची गाडी मधेच अडकते. नक्की त्याच्या सेटमध्ये काहीतरी आहे, नाहीतर त्याच्या मिशांमध्ये.

सोमवार, २७ नोव्हेंबर

आज फजिती झाली. एक बडे चेअरमन विमानाने येणार असं कालपासून ऐकत होतो. त्यांची माणसं सकाळपासून हार घेऊन खाली उभी. विमान जवळ आल्यावर कॅप्टन म्हणाला, "चेअरमनसाहेब" — गायब — "विमानात" — गायब — "कृपया खाली कळवा". मी लगेच खिडकीतून ओरडून कळवलं. हलगी सुरू झाली. दार उघडलं आणि पहिला जो माणूस उतरला त्याच्या गळ्यात तीन हार आणि तोंडात पेढा. तो मुंबईचा फरशीचा एजंट निघाला. बिचारा हात जोडून सगळ्यांना नमस्कार करत राहिला आणि जीपमध्येही बसला.

चेअरमनसाहेब विमानात बसलेच नव्हते आणि कॅप्टनला तेच सांगायचं होतं, असं आता तो म्हणतो. मग नीट सांगायचं की! चेअरमनची माणसं माझ्याकडे बघत होती. मी विमानाकडे बघितलं.

रविवार, ३ डिसेंबर

दुपारी बारा वाजता हिच्या, म्हणजे झुंबरच्या, माहेरचे, कुरुंदवाडचे, नऊ जण जेवायला हजर. मेहुणा, त्याची बायको, सगळे. मी बनियनवर. मी झुंबरला आत बोलावून विचारलं, "हे काय, सांगायचं तरी!"

ती म्हणाली, "चार बारी सांगितलं. चारी बारी तुमी 'हां, हां, बोल की' म्हणलासा."

"मग पुढं बोलायचं."

"पुढंच तर बोललेले. तुमचं हां हां संपतंय कवा, तवा माझं ऐकायचं."

बायकांना नीट सांगता येत नाही. तांबडा रस्सा मात्र झकास झाला होता.

शुक्रवार, ८ डिसेंबर

मी कॅप्टनविरुद्ध पत्र लिहून इंगवले साहेबांना दिलं. विषय: पायलटचे अर्धवट बोलणे व शिष्टाचाराचा अभाव. त्यांनी वाचलं, ड्रॉवर उघडला आणि दुसरं पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. ते कॅप्टनने माझ्याविरुद्ध लिहिलं होतं. विषय: टॉवर ऐकत नाही.

मी ऐकत नाही! सबंध एक्स्चेंजात माझ्याइतकं ऐकणारं कुणी नव्हतं.

साहेब म्हणाले, "चौगुले, दोघांतला एकजण खोटा हाय. मुंबईस्नं तपासणी अधिकारी येनार हायत. आता आनी एक तक्रार आली तर माईक सोडायचा."

घरी येऊन जेवलो नाही. खरं सांगायचं तर भीती वाटली. सामानाच्या खोलीत मी काय बोलणार आणि कुणाशी? आयुष्यभर बोलण्यावरच माझं पोट चाललं आहे.

सोमवार, १८ डिसेंबर

पुरावा पाहिजे. आमच्या टॉवरला टेप अजून मिळालेला नाही, म्हणून घरचा टू-इन-वन उचलून नेला आणि सेटला चिकटवून ठेवला. विमान आलं, गेलं, सगळं कॅसेटवर. आता कॅप्टनची मिशी माझ्या हातात.

संध्याकाळी झुंबरला ऐकवलं. ती भाकरी थापत होती. पूर्ण ऐकून म्हणाली, "ह्यात तुमीच लई बोलताय."

"मी त्याला हुंकार देतोय."

"त्यो बोलाय लागला की तुमचा आवाज, तुमचा थांबला की त्याचं शेपूट. त्या मानसाला पुरं बोलूच देत न्हाय तुमी."

कॅप्टनची बाजू घेते. उंच माणूस बघितला की झालं. पण कॅसेट चांगली निघाली आहे. शब्द कुठे कुठे खाल्ले ते स्पष्ट कळतं. यापुढे रोज टेप लावणार.

बुधवार, ३ जानेवारी १९९६

 

धावपट्टीच्या कडेचं गवत कापायला शेजारच्या गावातल्या अकरा बायका येतात. त्यांची मुकादम बनाबाई. त्यांचं आणि माझं ठरलेलं आहे. विमान रोज पश्चिमेकडून येतं, म्हणून मी भोंगा वाजवला की सगळ्यांनी विळे, भारे घेऊन पूर्वेच्या टोकाला जाऊन बसायचं. विमान तिथवर पोचायच्या आधीच थांबतं.

आज वारा उलटा होता. मी कॅप्टनला तसं सांगितलं. तो म्हणाला, "वारा समजला. मग मी आज" — गायब — "उतरतो, सहा मिनिटांत."

परत विचारावं असं मनात आलं होतं. पण उंची आधीच दोनदा विचारून झाली होती, आणि त्याच्या पत्रातलं "टॉवर ऐकत नाही" डोळ्यांसमोर आलं. म्हटलं, रोजच्यासारखाच उतरणार, दुसरं काय? भोंगा वाजवला. बायका पूर्वेला जाऊन ओळीने बसल्या. कुणी पानाची चंची सोडली.

मी पश्चिमेकडे बघत बसलो. विमान दिसेना. मग पाठीमागून आवाज आला. वळून बघतो तर विमान पूर्वेकडून, चाकं खाली सोडून, थेट बायकांच्या डोक्यावर. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

कॅप्टनने त्यांना बघितलं असावं. विमान अगदी खाली येऊन तसंच वर चढलं आणि घरघरत निघून गेलं. गवताचे भारे उडाले, बायका जमिनीला चिकटल्या. मी जिन्यावरून धावत खाली, तिथून ओरडत धावपट्टीवर. सगळ्या जिवंत. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. कॅप्टन वर फेऱ्या मारत राहिला, बायका बाजूला झाल्या, मग तो उतरला.

बनाबाई विळा हातात घेऊनच टॉवर चढली. "चौगुले! भोंगा मारून तुमीच आमास्नी तितं बसीवलं न्हवं?"

"व्हय, पर त्या कॅप्टननं..."

"कॅप्टनला मी वळकत न्हाय. भोंगा तुमचा हाय. इमानाची चाकं मोजली मी, इतक्या जवळनं! माझी नात हुती माझ्याजवळ बसलेली, नवी नवरी हाय ती."

 एवढं बोलून ती उतरून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुरुवार, ४ जानेवारी

माईक काढून घेतला. मंगळवारी मुंबईची तपासणी आहे, तोपर्यंत इंगवले साहेब स्वतः बोलणार. मी सामानाच्या खोलीत. कॅसेट मात्र माझ्या खिशात आहे. मंगळवारी कळेल कोण खोटा ते.

मंगळवार, ९ जानेवारी

सगळं जसं झालं तसं लिहितो.

तपासणी अधिकारी म्हणजे संघप्रिया कुरणे मॅडम. वय बत्तीस-तेहेतीस, चष्मा, हातात वही. त्यांचं गाव कुरुंदवाड हे कळल्यावर मी म्हणालो, "म्हंजे माज्या सासुरवाडीच्या की तुमी!" त्या म्हणाल्या, "असेन. आधी काम करू."

टेबलाच्या एका बाजूला कॅप्टन, दुसऱ्या बाजूला मी, मधे इंगवले साहेब. कॅप्टन म्हणाला, "मी स्पष्ट सांगितलं होतं, आज पूर्वेकडून उतरतो." मी म्हणालो, "साफ खोटं. टेप हाय माज्याकडं." आणि खिशातून कॅसेट काढून ठेवली. हे मी केलं. कुणी मागितली नव्हती.

मॅडमनी टेप लावला. कॅप्टनचा आवाज आला: "वारा समजला. मग मी आज..." लगेच खट् आणि माझा आवाज, मोठ्ठा: "हां, बोला की, बोला." पुन्हा खट्. "...उतरतो, सहा मिनिटांत." खट्. "हां, हां, सावकाश या!"

त्यांनी मागे नेऊन पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा. 

"चौगुले, हे मधलं 'बोला की' कुणाचं?"

"माझंच."

"कॅप्टन बोलत असताना?"

"मग? माणूस बोलतोय आनी आपण गप बसायचं?"

त्या कॅप्टनकडे वळल्या. "तुम्हाला हे 'बोला की' कधी ऐकू आलंय?"

कॅप्टन म्हणाला, "दोन महिन्यांत एकदाही नाही. शेवटचं 'सावकाश या' तेवढं येतं."

एकदाही नाही! मी रोज घसा कोरडा करून त्याला धीर देत होतो.

मग मॅडम माझ्याकडे वळून हळू आवाजात आणि घरच्या बोलीत म्हणाल्या, "काका, हा टेलिफोन न्हाय. टेलिफोनवर दोघं एकदम बोलू शकत्यात. हितं वाट एकच हाय. तुमी बटण दाबलं की तुमचा आवाज भाईर जातोय आनी त्याचा आत यायचा बंद. त्यो 'पूर्वेकडनं' म्हनत हुता, तवा तुमी 'बोला की' म्हनत हुता."

प्रशिक्षणात मास्तरांनी हेच सांगितलं असणार. मी तेव्हाही हां हां करत होतो.

म्हणजे शब्द कॅप्टनने खाल्ले नव्हते. फुटांचा आकडा, चेअरमनचं न येणं, पूर्व दिशा, सगळं मीच गिळलं होतं आणि वर त्याच्याविरुद्ध पत्र लिहिलं होतं. एवढी लाज मला शाळेत नापास झालो तेव्हाही वाटली नव्हती. बनाबाईची नात डोळ्यांपुढे येत होती. विमानात एकोणीस माणसं होती. मी खुर्चीतून उठून कॅप्टनला हात जोडले. तो गडबडून उभा राहिला आणि त्यानेही जोडले.

मी म्हणालो, "मॅडम, माईक दुसऱ्याला द्या."

त्या वहीत लिहीत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "ते मी ठरवीन. सोमवारी तुम्ही बसा, मी पाठीमागे बसते. तो बोलत असताना अंगठा एकदा जरी बटणावर गेला, तर माईक त्याच मिनिटाला दुसऱ्याचा."

बुधवार, १० जानेवारी

सकाळी बनाबाईच्या घरी जाऊन आलो. माफी मागितली. तिने चहा दिला आणि म्हणाली, "भोंगा मारायच्या आदी सवता बगून घ्या म्हंजे झालं." नात आतून बघत होती. तिने बाहेर यायचं नाकारलं आणि मला ते बरोबरच वाटलं.

संध्याकाळपासून सराव. झुंबर कॅप्टन झाली, मी टॉवर. हातात लाटणं. ती बोलत असताना लाटणं टेबलावर ठेवायचं आणि उजवा हात मांडीखाली दाबून बसायचं, ही युक्ती तिचीच. पहिल्या तीन वेळा हात आपोआप सुटला. चौथ्या वेळी ओठ घट्ट मिटून बसलो. ती बोलत राहिली. पाणी येत नाही, शेजारच्या श्रुतीचं बाळंतपण जवळ आलंय, तिचा गुडघा दिवाळीपासून दुखतो, डॉक्टरकडे जायचं मला तिनं किती वेळा सांगितलं. आणि मग मधेच थांबली.

"अवो, ऐकताय न्हवं? जीव घाबरला माझा. असं गप कधी बसला न्हाईसा तुमी."

मी म्हणालो, "ऐकतोय. गुडघा दिवाळीपासून दुखतोय. उद्या जाऊ."

 तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्या हातातलं लाटणं काढून घेऊन पोळ्या करायला गेली. तीस वर्षांत तिचं बोलणं मी शेवटापर्यंत पहिल्यांदा ऐकलं. लांब असतं, पण शेवटी कामाचं असतं.

सोमवार, १५ जानेवारी

दहा वाजता बसलो. मॅडम पाठीमागे स्टुलावर. इंगवले साहेब जिन्यात उभे, आत यायचं धाडस नव्हतं त्यांना. माईक टेबलावर, उजवा हात मांडीखाली, डाव्या हातात पेन्सिल. बायका आज धावपट्टीच्या बाहेर, कुंपणापलीकडे. भोंग्याची ती पद्धत आम्ही मोडून टाकली.

दहा वीसला सेट खरखरला. "कोल्हापूर टॉवर..."

अंगठा वळवळला. मी त्यावर सगळं वजन टाकून बसलो. घशात "हां" येऊन अडकलं होतं, ते गिळलं. कॅप्टन बोलत होता आणि शब्दामागून शब्द येत होते, मधे एकही खड्डा नाही. उंची चार हजार पाचशे फूट. अकरा प्रवासी. पश्चिमेकडून उतरतो. आठ मिनिटं. मी सगळं कागदावर उतरवून घेतलं. केवढं नीट बोलतो हा माणूस!

वाटलं, संपलं. हात सोडवायला लागलो, तेवढ्यात मॅडमनी पाठीमागून खांद्यावर बोट ठेवलं. थांबलो.

आणि सेटमधून केरळी हेल काढून, एकेक अक्षर जपून, आवाज आला: "राम राम, पावणं."

मी वळून मॅडमकडे बघितलं. त्याही माझ्याकडेच बघत होत्या. मी हात सोडवला, माईक उचलला, बटण दाबलं. त्याची उंची, दिशा, वेळ, सगळं त्याला परत म्हणून दाखवलं. राम राम म्हणायचं मात्र राहूनच गेलं.

विमान उतरल्यावर कॅप्टन वर आला. मी विचारलं, "हे राम राम आजच म्हणालात?"

"रोज म्हणतो. पहिल्या दिवसापासून."

"मग मला कधी सांगितलं न्हाईसा?"

तो म्हणाला, "मी राम राम म्हटलं की तुम्ही म्हणायचा 'सावकाश या'. मला वाटलं, तुमच्याकडे राम रामला हेच उत्तर असतं. मी माझ्या बायकोलासुद्धा तसंच शिकवलंय."

इंगवले साहेब जिन्यातच बसून हसले. मॅडमनी वही मिटली. माईक मार्चअखेरपर्यंत माझ्याकडे, रोजचं टेपिंग होणार आणि दर महिन्याला त्या स्वतः कॅसेट ऐकणार. जाताना म्हणाल्या, "काका, सासुरवाडीला आला की घरला या. पर बोलताना मला पुरं बोलू द्या."

साडेअकराला विमान परत निघालं. उंची, दिशा, प्रवासी, सगळं सांगून झाल्यावर कॅप्टन म्हणाला, "राम राम, पावणं." मी मनात दोन अंक मोजले. मग बटण दाबून म्हणालो, "राम राम, कॅप्टन. सावकाश जावा." आणि अंगठा लगेच उचलला, त्याला अजून काही बोलायचं असलं तर.